शस्त्रक्रियेनंतरचे आतडे आणि प्रतिजैविके

पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाजवळ येऊन शल्यचिकित्सक रोज सकाळी विचारतो, "वायू सरला का?" रुग्ण संकोचतो, नातेवाईक एकमेकांकडे पाहतात, परंतु रुग्णाला तोंडाने काय द्यावयाचे, शिरेतून जाणारा द्रव केव्हा थांबवावयाचा आणि त्याला घरी केव्हा धाडावयाचे, हे पुष्कळ अंशी या उत्तरावर ठरत आले आहे. आतडे पुन्हा हालू लागल्याची ती पहिली वर्दी असते.

उत्तर दोन-तीन दिवस नकारार्थीच येत राहिले, अथवा त्याउलट दिवसातून सहा-सात वेळा पातळ शौचास होऊ लागले, की दोष बहुधा एकाच गोष्टीच्या माथी मारला जातो. 'औषधे उष्ण पडली' असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. शिकलेले लोक 'अँटिबायोटिकने पोट बिघडले' असे म्हणतात. आतडे थांबले तरी प्रतिजैविक दोषी आणि वाहू लागले तरी तेच दोषी, हा न्याय सोयीचा असला तरी खरा नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील स्तब्धतेशी प्रतिजैविकांचा संबंध अगदी थोडा असतो. पुढील काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू होणाऱ्या जुलाबांशी मात्र तो निकटचा असतो. याखेरीज एक तिसरी, क्वचित आढळणारी अवस्था आहे. तिच्यात जुलाब थांबणे हेच मोठ्या संकटाचे लक्षण असते. या तीन गोष्टींची गल्लत झाल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून त्या वेगवेगळ्या समजून घेणे अगत्याचे आहे.

आतडे का थांबते?

निरोगी आतड्याची हालचाल लाटेसारखी असते. अन्नाचा गोळा जेथे असेल त्याच्या मागील भाग आकुंचन पावतो आणि पुढील भाग सैल पडतो. त्यामुळे गोळा पुढे ढकलला जातो. या हालचालीला क्रमसंकोच म्हणतात. लंडनमधील विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1899 साली कुत्र्यांवर प्रयोग करून हा नियम मांडला. त्याच प्रयोगांत त्यांना असेही दिसले की, पोट उघडताच आतडी निश्चल होतात, आणि पाठीच्या कण्याकडून आतड्याकडे येणाऱ्या विशिष्ट तंत्रिका तोडल्या की ती पुन्हा हालू लागतात. याचा अर्थ आतडे दुबळे झाल्यामुळे थांबत नाही. त्याला थांबण्याची आज्ञा मिळते.

ही आज्ञा कशामुळे सुटते, याचा शोध अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी घेतला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. कॅनन यांनी मांजरांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून ते अन्न पोटातून कसे सरकते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहिले. 1906 साली मर्फी या सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, केवळ ईथरची भूल दिल्याने अन्नाच्या प्रवासाला थोडाच विलंब होतो. परंतु आतडी हाताळली, मग ती कितीही हळुवारपणे हाताळली असोत, तर हा प्रवास कित्येक तास खोळंबतो. शतकाच्या अखेरीस या निरीक्षणाला आणखी एक पदर जोडला गेला. आतड्याच्या स्नायूंच्या थरात भक्षक पेशी वसतीला असतात. हाताळणीने त्या जाग्या होतात, तेथे सौम्य शोथ निर्माण होतो आणि स्नायू काही काळ मंदावतात.

सर्व भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडे बहुधा चोवीस तासांच्या आत हालू लागते, जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे, म्हणजे बृहदांत्र, सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांनी, कामाला लागते. वायू सरण्याची वाट पाहणे म्हणजे बृहदांत्राची वाट पाहणे होय. त्यात भर पडते ती वेदनाशामकांची. मॉर्फिन आणि त्या वर्गातील इतर औषधे मेंदूतील ज्या ग्राहींवर कार्य करून वेदना शमवितात, तसलेच ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात. अफू खाणाऱ्याला मलावरोध होतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. मॉर्फिन हे अफूतीलच द्रव्य आहे. रक्तातील पोटॅशियम कमी झाल्यासही आतड्याचे स्नायू ढिले पडतात. नंतरच्या दिवसांत अंथरुणात पडून राहणे, अल्पाहार, लोहाच्या गोळ्या आणि उकिडवे बसण्याची सवय असलेल्या माणसावर आलेली शौचपात्राची सक्ती, ही सगळी कारणे मलावरोधाला पुरेशी होतात. शेवटचे कारण पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते, पण परिचारिकांना ते चांगले ठाऊक असते.

या यादीत प्रतिजैविकांना जवळपास स्थान नाही. उलट एका परिस्थितीत प्रतिजैविक हेच आतड्याला गती परत मिळवून देते. आंत्रपुच्छ फुटून किंवा आतड्याला छिद्र पडून पोटात पू झाला असेल, तर पर्युदराच्या शोथामुळे सगळे आतडे निपचित पडते. अशा वेळी छिद्र बुजविणे, पू काढून टाकणे आणि योग्य प्रतिजैविक देणे या उपायांनी संसर्ग हटला की आतडे आपोआप हालू लागते. 'औषधांनी शौचास होत नाही' अशा समजुतीने या रुग्णाचे प्रतिजैविक मध्येच बंद करणे घातक आहे.

एका प्रतिजैविकाने तर आतड्याचे सारथ्य करण्याची आशा निर्माण केली होती. एरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांना पोटात मुरडा येतो, मळमळते, अशी तक्रार जुनीच होती. 1980 नंतरच्या दशकात तिचे कारण उमगले. उपाशी पोटी जठर आणि लहान आतडे यांत ठरावीक अंतराने झाडलोट करणारी एक लाट उठते. ती उठविण्यात मोटिलिन नावाच्या हॉर्मोनाचा वाटा असतो. एरिथ्रोमायसिनाचा रेणू याच हॉर्मोनाच्या ग्राहींना चिकटतो आणि जंतू मारण्याच्या कामाशी काहीएक संबंध नसलेले हे दुसरे काम करतो. मधुमेहामुळे जठर मंदावलेल्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो, हे 1990 साली दिसून आले. मग शस्त्रक्रियेनंतर थांबलेले आतडे सुरू करण्यासाठी ते का देऊ नये? तसे करून पाहण्यात आले, पण रुग्णांना लाभ झाला नाही. मोटिलिनाचा प्रभाव मुख्यतः जठरावर आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागावर असतो. खोळंबा होतो तो बृहदांत्रात. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी 1990 नंतर पुरस्कारिलेले साधे उपायच अखेर अधिक गुणकारी ठरले: मॉर्फिनवर्गीय औषधे शक्य तितकी कमी, कण्याजवळून दिलेली भूल, नळ्या लवकर काढणे, लवकर खाऊ घालणे आणि लवकर चालविणे.

बृहदांत्रातील वस्ती

आता दुसऱ्या अवस्थेकडे, म्हणजे जुलाबांकडे, वळता येईल. बृहदांत्रात अब्जावधी जीवाणूंची दाट वस्ती असते. मलाच्या शुष्क भारापैकी सुमारे निम्मा भार जीवाणूंचाच असतो. हे जीवाणू फुकटचे भाडेकरू नव्हेत. लहान आतड्यात न पचलेले पिष्टमय व तंतुमय पदार्थ ते आंबवितात आणि त्यांपासून लहान रेणूंची मेदाम्ले तयार करतात. ही अम्ले बृहदांत्राच्या अस्तराचे अन्न आहेत, आणि ती शोषली जाताना त्यांच्याबरोबर सोडियम आणि पाणीही शोषले जाते. पित्तातील अम्लांचे रूपांतरही हेच जीवाणू करतात.

प्रतिजैविकाला मित्र आणि शत्रू यांतील भेद कळत नाही. जखमेतील जंतूंसाठी दिलेले औषध बृहदांत्रातील वस्तीही विरळ करते. मग न पचलेली शर्करा तशीच पडून राहते, आपल्याकडे पाणी ओढून घेते आणि मल पातळ होतो. काही औषधे याशिवाय प्रत्यक्ष आतड्यालाही डिवचतात. ॲमॉक्सिसिलिनाबरोबर दिले जाणारे क्लाव्ह्युलॅनिक अम्ल लहान आतड्याची गती वाढविते. औषध इंजेक्शनने दिले म्हणजे आतड्याला त्याची झळ पोचत नाही, हा समजही बरोबर नाही. सेफ्ट्रायाक्झोन शिरेतून दिले तरी त्याचा मोठा भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो. याच्या उलट, जेंटामायसिन इंजेक्शनने दिल्यास आतड्यात फारसे पोचत नाही.

जीवाणूंची वस्ती आतड्याच्या गतीलाही हातभार लावते, याचे प्रत्यंतर प्रयोगशाळेत मिळते. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांचे उंडुक फुगून मोठे होते आणि त्यांच्या आतड्यातून अन्न सावकाश सरकते. तेव्हा वस्ती उठविल्याने आतडे काहीसे मंदावणे हेही तत्त्वतः शक्य आहे. रुग्णशय्येजवळ मात्र हा मंदपणा जुलाबांपुढे लोपून जातो.

बृहदांत्राची ही वस्ती शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने नेहमीच स्वागतार्ह असते असे नाही. बृहदांत्र कापताना त्यातील जंतू जखमेत उतरतात. म्हणून 1973 साली अमेरिकेतील निकोल्स आणि कॉन्डन यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिन तोंडाने देण्याची पद्धत सुचविली. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत, औषध न दिलेल्यांपैकी 43 टक्के रुग्णांना पूयुक्त उपद्रव झाले, तर औषध दिलेल्यांत हे प्रमाण 9 टक्के भरले. प्रतिजैविकाने काय साधते हे या दोन आकड्यांवरून कळते; पुढील वृत्तांत वाचताना ते विसरू नयेत.

एका पापुद्र्याचा इतिहास

1893 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन फिनी या शल्यचिकित्सकाने एका तरुणीच्या जठरावर शस्त्रक्रिया केली. व्रणामुळे तिच्या जठराचे द्वार अरुंद झाले होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण काही दिवसांनी तिला रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले आणि त्यातच ती दगावली. शवविच्छेदनात आतड्याच्या आतील बाजूस घटसर्पात घशात दिसतो तसला पापुद्रा आढळला. प्रतिजैविके तेव्हा अस्तित्वातच नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. मोठी शस्त्रक्रिया आणि आजारपण यांमुळेही आतड्यातील वस्तीचा तोल जाऊ शकतो.

पुढे पेनिसिलिनाचे युग आले. भारतातही 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी क्षेत्रात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि ही औषधे सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येऊ लागली. त्याच दशकात पापुद्र्याचा हा विकार शस्त्रक्रियेनंतर अधिक वेळा दिसू लागला. त्याचा ठपका बहुतेकांनी पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूवर ठेवला. 1974 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे फ्रान्सिस टेडेस्को आणि त्यांचे सहकारी यांनी क्लिंडामायसिन दिलेल्या दोनशे रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी 42 जणांना जुलाब झाले होते, आणि दुर्बिणीने आतडे तपासले असता 20 जणांत पापुद्रा दिसला. क्लिंडामायसिन हे आतड्यातील अवायुजीवी जंतूंवर प्रभावी म्हणून शल्यचिकित्सकांच्या पसंतीचे औषध होते. त्यामुळे या आकड्यांनी खळबळ उडाली.

खरा गुन्हेगार 1977-78 मध्ये सापडला. जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्स्टर या लहान प्राण्यांवर प्रयोग करून, आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील संशोधकांनी रुग्णांच्या मलाची तपासणी करून, विष निर्माण करणारा एक जीवाणू पुढे आणला. तो काही नवा नव्हता. 1935 सालीच हॉल आणि ओटूल यांनी निरोगी नवजात अर्भकांच्या मलातून तो वेगळा केला होता आणि वाढविण्यास कठीण म्हणून त्याला 'डिफिसिल' हे विशेषण दिले होते. आज तो क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या नावाने ओळखला जातो. अर्भकांना तो सहसा बाधत नाही. प्रौढांच्या बृहदांत्रातील दाट वस्ती त्याला डोके वर काढू देत नाही. प्रतिजैविकाने ती विरळ झाली की त्याला रान मोकळे मिळते. आज क्लिंडामायसिनाबरोबरच सेफॅलोस्पोरिने आणि सिप्रोफ्लॉक्सासिनाच्या वर्गातील औषधेही याला कारण होतात. किंबहुना कोणतेही प्रतिजैविक होऊ शकते. औषध चालू असताना आणि ते संपल्यावर पहिल्या महिन्यात धोका सर्वाधिक असतो. तो सुमारे तीन महिन्यांपर्यंत थोडाफार टिकतो. त्यामुळे टाके काढून घरी गेलेल्या रुग्णाला तीन आठवड्यांनी जुलाब लागल्यास त्याने आधीच्या शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा.

प्रतिजैविकाने होणारे बहुतेक जुलाब साधे असतात आणि औषध संपले की आपोआप थांबतात. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे शौचास होणे, ताप, पोटात कळा आणि रक्तातील श्वेत पेशींची मोठी वाढ ही लक्षणे असतील तर मात्र मलाची तपासणी व्हावयास हवी. तोवर जुलाब बांधणारी लोपरामाइडसारखी गोळी दुकानातून आणून घेऊ नये. तिने आतड्याची गती थांबते आणि विष आतच साचते.

तिसरी अवस्था येथे उद्भवते. विषाने बृहदांत्राच्या भिंतीला गंभीर इजा पोचली की तिचे स्नायू लुळे पडतात. काल दहा वेळा शौचास गेलेला रुग्ण आज एकदाही जात नाही. नातेवाइकांना हायसे वाटते. पण पोट फुगत जाते, नाडी जलद होते, ताप उतरत नाही आणि रुग्ण ग्लानीत जाऊ लागतो. अशा वेळी बृहदांत्र फाटण्याचा संभव असतो. काहींच्या बाबतीत ते तातडीने काढून टाकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून जुलाब थांबले की पोटाचा घेर आणि रुग्णाचा चेहरा पाहावा. पोट मऊ असेल, भूक लागत असेल आणि वायू सरत असेल तरच ते बरे होण्याचे चिन्ह समजावे.

सर्वच जुलाब प्रतिजैविकांचे नसतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभराने पुन्हा ताप येऊन वरचेवर थोडे-थोडे, शेंबडासारखे शौचास होऊ लागले, तर ओटीपोटात गळू झाले असण्याचा दाट संशय घ्यावा लागतो. गळू गुदाशयाला टेकून त्याला चेतवीत राहते. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांत आणखी एक फसवणूक आढळते. कित्येक दिवसांचा घट्ट मल गुदाशयात बुचासारखा अडकून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ मल पाझरत राहतो. त्याला जुलाब समजून बांधणारे औषध दिले की मूळ दुखणे बळावते. बोटाने केलेल्या तपासणीत हा उलगडा एका मिनिटात होतो. ती टाळण्याकडे मात्र रुग्ण आणि डॉक्टर दोघांचाही कल असतो.

प्रतिबंध

शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिजैविक किती आणि केव्हा द्यावे, याचे उत्तर 1961 सालीच बोस्टनमधील जॉन बर्क यांनी गिनिपिगांवरील प्रयोगांतून बरेचसे दिले होते. जंतू जखमेत शिरताना औषध ऊतकांत हजर असेल तर संसर्ग रोखला जातो. तीन तासांनंतर दिलेल्या औषधाचा काही उपयोग होत नाही. म्हणून प्रतिबंधक मात्रा त्वचेला छेद देण्यापूर्वी द्यावयाची असते. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी औषध चालू ठेवू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली केली. तरीही अनेक रुग्णालयांत स्वच्छ शस्त्रक्रियेनंतरही पाच-सात दिवस प्रतिजैविके चालू राहतात. रुग्णाला त्यात काळजी घेतल्याचा दिलासा वाटतो, डॉक्टरला निर्धास्तपणा वाटतो. जखमेला त्याचा लाभ नसतो आणि आतड्यातील वस्ती मात्र दिवसेंदिवस उजाड होत जाते. पोटात खरोखरच पू झाला असेल तेव्हाची गोष्ट निराळी: तेथे औषध हा उपचार असतो, प्रतिबंध नव्हे, आणि त्याचे दिवस डॉक्टरच ठरवू शकतात.

आपल्या रुग्णालयांत रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरचे माणूस करते. या जीवाणूचे बीजाणू चिवट असतात आणि अल्कोहोलाचे द्रव हातांना चोळल्याने मरत नाहीत. शौचपात्र हाताळल्यावर साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुतले पाहिजेत; एका खाटेवरचा रोग शेजारच्या खाटेवर जातो तो बहुधा हातांवरूनच.

दह्याविषयीचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. काही विशिष्ट जीवाणू आणि एक प्रकारचे किण्व यांच्या मात्रांनी प्रतिजैविकाचे जुलाब कमी होतात, असे बऱ्याच चाचण्यांत आढळले आहे. घरच्या दह्यात तेच जीवाणू असतीलच असे नाही. तरी शौचास सुरुवात झालेल्या आणि अन्न पचू लागलेल्या रुग्णाला दही किंवा ताक द्यावयास सहसा हरकत नसते. मात्र सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या गोळीबरोबर दूध-दही देऊ नये. त्यातील कॅल्शियम औषधाशी जखडले जाऊन औषधाचे शोषण घटते. अत्यवस्थ रुग्णाला, विशेषतः ज्याच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे त्याला, जिवंत किण्वाच्या पुड्या देणेही धोक्याचे असते.

रोग जडलाच तर शक्य असल्यास मूळ प्रतिजैविक बंद करतात आणि दुसरे एक प्रतिजैविक देतात. हे दुसरे बहुधा व्हँकोमायसिन असते, आणि ते मुद्दाम तोंडावाटे दिले जाते. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे जेथे हवे तेथेच राहते. शिरेतून दिले तर बृहदांत्राच्या पोकळीत पुरेसे पोचत नाही. परंतु वस्ती आधीच उजाड झालेली असल्याने काही रुग्णांत रोग पुन्हा पुन्हा उलटतो. 1958 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे बेन आयझमन या शल्यचिकित्सकाने अशा पापुद्रायुक्त शोथाच्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या मलाची बस्ती दिली आणि ते बरे झाले. उपाय किळसवाणा वाटल्यामुळे असो वा नवी औषधे आल्यामुळे असो, अर्धशतक तो कोपऱ्यात पडून राहिला. 2013 साली ॲम्स्टरडॅममध्ये नाकातून घातलेल्या नळीवाटे निरोगी मलाचा द्रव लहान आतड्यात सोडून हीच कल्पना रीतसर पारखण्यात आली. पहिल्याच वेळी 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या 13 रुग्णांपैकी 4 बरे झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली.